कशावरून म्हणता?

ज्ञानमीमांसेवर, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं आणि ते मिळतं कसं याच्या विचारावर, प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली, ई-मेल आले, काही जणांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेकांची अडचण एकच होती. आपल्याला जे माहीत असतं त्यातलं बरंचसं दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं. मग विश्वास ठेवायचा तो कुणावर आणि कशाच्या जोरावर? त्यातली काही पत्रं निवडली आहेत. नावं गाळली आहेत.

मॅडम, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १९६३ साली एका तीन पानी लेखानं ज्ञानाची अडीच हजार वर्षांची व्याख्या मोडली, असं वाचलं. त्यानंतर साठ वर्षांत काय झालं? आणि आपल्याकडे हे कुणालाच सुचलं नव्हतं का?

आधी एक दुरुस्ती. ‘अडीच हजार वर्षांची व्याख्या’ हे थोडं फुगवलेलं आहे. सत्य असलेला आणि सबळ कारण असलेला विश्वास म्हणजे ज्ञान, ही कल्पना प्लेटोच्या ‘थिइटेटस’मध्ये येते खरी, पण तिथेच ती तपासून बाजूलाही ठेवली जाते. तिला सर्वमान्य व्याख्येचा मान मिळाला तो मुख्यतः विसाव्या शतकात.

लेख एडमंड गेटिअर यांचा. तेव्हा ते डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवत होते. त्यातलं एक उदाहरण असं : स्मिथ आणि जोन्स दोघांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केलाय. जोन्सला घेणार असं कंपनीच्या प्रमुखानं स्मिथला सांगितलंय, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे स्मिथनं स्वतः मोजलंय. त्यावरून तो म्हणतो, ‘ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.’ प्रत्यक्षात नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात, त्याला पत्ता नसताना, दहाच नाणी असतात. वाक्य खरं, त्याचा त्यावर विश्वास, कारणही भक्कम. तरी त्याला ते माहीत होतं असं म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. बाराव्या शतकातला श्रीहर्ष, ज्याचं ‘नैषधीयचरित’ संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं, त्यानं ‘खण्डनखण्डखाद्य’ हा ग्रंथही लिहिला. त्यात एकाच्या बंद मुठीत पाच कवड्या आहेत. तो विचारतो, किती? समोरचा अंदाजानं ठोकून देतो, पाच. उत्तर बरोबर. मग ‘वस्तू जशी आहे तसा अनुभव म्हणजे प्रमा (खरं ज्ञान)’ ही न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांची व्याख्या इथे लागू पडते की नाही? लागू पडत असेल तर जुगाऱ्याचा अंदाजही ज्ञान ठरतो. श्रीहर्षाच्याही चारेकशे वर्षं आधी बौद्ध आचार्य धर्मोत्तर यांनी मृगजळाचं उदाहरण दिलं होतं. तहानलेला माणूस मृगजळाला पाणी समजून धावतो, आणि तिथे पोचल्यावर खडकाखाली खरंच पाणी सापडतं.

कोल्हापूरला शिकवत असताना मी कवड्यांच्या जागी चिंचोके घेऊन वर्गात जायची. मूठ मिटून विचारायचं, किती? मुलं आकडे ओरडायची, कुणाचा तरी बरोबर यायचा. मग खरा तास सुरू व्हायचा : ‘याला माहीत होतं का?’ एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, त्याला माहीत नव्हतं, पण त्याचं चुकलंही नाही.’ श्रीहर्षानं नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, ज्या चिमट्यात पकडलं, तो तिनं एका वाक्यात सांगितला. व्याख्येत नुसतं ‘न चुकणं’ मागून भागत नाही. ते बरोबर कशामुळे आलं, हेही विचारावं लागतं.

गेटिअरनंतरची साठ वर्षं बहुतांशी या ‘कशामुळे’मध्येच गेली. ॲल्विन गोल्डमन म्हणाले, विश्वास ज्या प्रक्रियेतून तयार झाला ती प्रक्रिया भरवशाची हवी. नैयायिकांच्या प्रमाणविचाराशी, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनांनी मिळतं याच्या विचाराशी, याचं जवळचं नातं आहे, आणि बिमल कृष्ण मतिलाल यांनी ऑक्सफर्डमध्ये बसून ते पाश्चात्त्य वाचकांपुढे मोठ्या ताकदीनं मांडलं. अर्नेस्ट सोसा यांनी ज्ञान हे जाणणाऱ्याच्या कौशल्याचं यश मानलं. नुसता नेम लागून चालत नाही, तो कौशल्यामुळे लागायला हवा. सगळ्यात धाडसी पाऊल टिमथी विल्यमसन यांचं. २००० साली ‘नॉलेज अँड इट्स लिमिट्स’मध्ये ते म्हणाले, ज्ञानाचे तुकडे करून त्याची व्याख्या बनवण्याचा नाद सोडा. ज्ञान ही मूळ गोष्ट धरा आणि विश्वास, पुरावा या गोष्टी तिच्यावरून समजून घ्या. मला स्वतःला हा मार्ग पटतो, पण वाद मिटलेला नाही.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल, कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. २००१ साली वाइनबर्ग, निकल्स आणि स्टिच यांनी न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना गेटिअरच्या धर्तीचा एक प्रसंग दिला. जिल बरीच वर्षं ब्युइक गाडी चालवते, म्हणून बॉबला वाटतं की ती अमेरिकन गाडी चालवते. ती ब्युइक चोरीला गेलीय, आणि जिलनं तिच्या जागी पाँटिॲक घेतलीय, तीही अमेरिकनच. बॉबला यातलं काहीच कळलेलं नाही. त्याला ‘माहीत आहे’ की नुसतं ‘वाटतं’? पाश्चात्त्य पार्श्वभूमीच्या मुलांपैकी तीन चतुर्थांशांनी सांगितलं, नुसतं वाटतं. भारतीय उपखंडातल्या कुटुंबांमधल्या निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितलं, माहीत आहे. झालं! ज्ञानाची समज संस्कृतीगणिक बदलते, अशी हाकाटी सुरू झाली. पण उपखंडातली ती मुलं होती अवघी २३. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो फरक टिकला नाही. मॅशेरी, स्टिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, ब्राझील, जपान आणि अमेरिका इथल्या लोकांना असेच प्रसंग दिले, आणि चारही देशांत बहुसंख्यांनी ज्ञान नाकारलं. यातले स्टिच म्हणजे पहिल्या प्रयोगातलेच. आपलाच निष्कर्ष त्यांनी पुन्हा तपासायला घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि धर्मोत्तर, श्रीहर्ष वाचलेल्या कुणालाही त्या पहिल्या निष्कर्षाविषयी शंका यायला हवी होती. उपखंडातल्या लोकांना हा फरक जाणवत नसता, तर हजारएक वर्षांपूर्वी त्यावर इथे एवढी खडाजंगी झालीच नसती.

माझा मुलगा बारावीला आहे. हल्ली प्रत्येक गोष्टीवर त्याचं एकच, ‘पुरावा काय?’ माणूस चंद्रावर गेला यावरही त्याचा विश्वास नाही. शंका घेणं चांगलं, असं आम्हीच शिकवलं. आता काय करावं? – एक वडील, ठाणे

शंका घ्यायला शिकवलंत हे चांगलंच केलंत. पण शंकेलाही कारण लागतं, आणि हा मुद्दा आपल्याकडे फार नेटकेपणानं मांडला गेला आहे. ‘न्यायकुसुमाञ्जली’त उदयनाचार्य म्हणतात, ‘व्याघातावधिराशङ्का’ : शंका ताणायची ती आपल्याच वागण्याशी तिचा विरोध येईपर्यंत. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशांनी ते उलगडून सांगितलं. अग्नीतून धूर निघतो यावर ज्याला खरोखर शंका आहे तो धुरासाठी अग्नी आणायला जाणार नाही, भूक भागवायला जेवणार नाही, दुसऱ्याला समजावं म्हणून बोलणारही नाही. श्रीहर्षानं उदयनांचाच श्लोक उलटवून त्यांना प्रत्युत्तर दिलं होतं, तेव्हा हे प्रकरण एकतर्फी नव्हतं हेही मुलाला सांगा. तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइन यांनी अखेरच्या काळात लिहिलेल्या टिपणांमध्ये जवळपास हीच गोष्ट येते. दार हलायला हवं असेल तर बिजागऱ्या जागच्या जागी राहायला हव्यात, असं ते म्हणतात. या बिजागऱ्यांवर डंकन प्रिचर्ड, ॲनालिसा कोलिव्हा यांच्यासारखे लोक आज भरपूर लिहीत आहेत.

पण तुमच्या मुलाची अडचण मला तर्काची कमी आणि विश्वासाची जास्त वाटते. थी न्वेन या तत्त्वज्ञांनी २०२० च्या एका लेखात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एका प्रकारात दुसरी बाजू आपल्या कानावर पडतच नाही. दुसऱ्या प्रकारात ती पडते, पण ती सांगणाऱ्यांवर अविश्वास ठेवायला आपल्याला आधीच शिकवलेलं असतं. पहिल्यावर पुराव्याचा उतारा चालतो. दुसऱ्यात प्रत्येक नवा पुरावा ‘ते असंच म्हणणार’ म्हणून परत येतो. अपोलो ११ नं चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावर आजही लेझर सोडून अंतर मोजतात, हे सांगून बघा. त्यावरही ‘हे सांगणारे तेच’ असं उत्तर आलं, तर चंद्राचा विषय सोडा. त्याला विचारा, तुझा विश्वास कुणावर आहे, आणि तो माणूस कधी चुकला तर तुला ते कसं कळेल? उत्तर लगेच मागू नका, आणि त्याच्याशी बोलणं तुटू देऊ नका. अशा अविश्वासातून माणूस बाहेर येतो तो बहुतेकदा एखाद्या जवळच्या माणसावरच्या विश्वासाच्या आधारानं.

ताई, मी अंबाजोगाई तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे. माझ्या गावातल्या एका गरोदर बाईचे पाय सुजले होते, चेहरा फुगला होता, सारखं डोकं दुखतंय म्हणत होती. मी केंद्रावर सांगितलं तर म्हणाले, ‘तुम्ही डॉक्टर आहात का? तारखेला घेऊन या.’ नंतर डॉक्टरांनी तेच बघून धावाधाव करून तिला जिल्ह्याला पाठवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण आता मी गप्पच बसते. याला तुमच्या शास्त्रात काही नाव आहे का?

आहे, आशाताई. आणि गेल्या वीस वर्षांत ज्ञानमीमांसेत झालेलं सगळ्यात मोलाचं काम, माझ्या मते, तुमच्याच प्रश्नावर झालेलं आहे.

मिरांडा फ्रिकर यांचं ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ (जाणकार म्हणून होणारा अन्याय) हे पुस्तक २००७ साली आलं. त्यांचं म्हणणं असं की अन्याय फक्त पैशाचा, जमिनीचा किंवा मारहाणीचा नसतो. एखाद्याच्या बोलण्याला, ते कोण बोलतंय एवढं बघून, जितकं वजन मिळायला हवं त्याहून कमी दिलं जातं तेव्हा त्या माणसावर जाणकार म्हणून अन्याय होतो. तुमचं निरीक्षण बरोबर होतं. पायावरची सूज, चेहऱ्यावरची सूज आणि डोकेदुखी ही गरोदरपणात रक्तदाब वाढल्याची धोक्याची लक्षणं असू शकतात, आणि तुम्हाला प्रशिक्षण त्यासाठीच दिलेलं असतं. म्हणजे खबर होती, खबर देणारी लायक होती. ऐकणाऱ्याकडचं माप खोटं होतं.

‘आता मी गप्पच बसते’, यालाही नाव आहे. क्रिस्टी डॉटसन यांनी २०११ मध्ये लिहिलं की काही वेळा माणसाला दुसरा कुणी थेट गप्प करत नाही. समोरचा ऐकून घेणार नाही हे ओळखून बोलणारा स्वतःच आपला शब्द गिळतो. बाहेरून हे ‘तिनं सांगितलंच नाही’ असं दिसतं. तुमच्या बाबतीत उद्या कुणी तसं म्हटलं, तर ते अर्धसत्य असेल.

यावर आपल्या परंपरेतलं एक वाक्य सांगते. न्यायसूत्रात ‘आप्तोपदेशः शब्दः’ असं सूत्र आहे : विश्वासार्ह माणसाचं सांगणं हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन. वात्स्यायनभाष्यात हा माणूस कोण, ते सांगितलं आहे. ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे, जशी पाहिली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, आणि जो ती सांगतो, तो आप्त. आणि लगेच पुढे : ‘ऋष्यार्यम्लेच्छानां समानं लक्षणम्’. ऋषी असो, आर्य असो, म्लेच्छ असो, कसोटी एकच. हुद्दा, जात, शिक्षण यांचा त्यात उल्लेखही नाही. त्या कसोटीला त्या दिवशी केंद्रावर तुमच्याइतकं कुणीच उतरत नव्हतं. हे भाष्य शिकवणाऱ्या पाठशाळांची दारं मात्र शतकानुशतकं बायकांना आणि शूद्रांना बंद होती. म्हणूनच पुण्यात शिकवून गेलेल्या शर्मिला रेगे यांचं काम मला मोठं वाटतं. दलित स्त्रियांच्या जगण्यातून जग वेगळं आणि जास्त स्पष्ट दिसतं, तेव्हा स्त्रीवादानं तिथे उभं राहून विचार करावा, असं त्यांनी १९९८ मध्येच मांडलं. फ्रिकर यांचं पुस्तक यायला अजून नऊ वर्षं होती.

आता करायचं काय? एलिझाबेथ अँडरसन यांनी फ्रिकर यांच्यापुढे जाऊन म्हटलं की प्रत्येकानं आपलं मन साफ करावं, एवढ्यानं हे सुटत नाही. संस्थेची रीतच बदलावी लागते. मलाही हेच पटतं. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. माता व बाल संरक्षण कार्डावर आणि तुमच्या डायरीत तारीख, वेळ, लक्षणं आणि कुणाला कळवलं ते लिहा. तालुक्याच्या बैठकीत सगळ्या आशाताईंनी मिळून एकच मागणी करा : आशानं धोक्याचं लक्षण कळवलं की त्याच दिवशी बीपी मोजलं जावं, आणि न मोजल्यास कारण लिहावं. गप्प बसू नका, एवढंच मी म्हणणार नाही. ती जबाबदारी एकट्या तुमच्यावर टाकणं हाही त्या अन्यायाचाच भाग होईल.

मी वाशीमकडचा शेतकरी, वय २६. सोयाबीनची पानं पिवळी पडली म्हणून मोबाइलवरच्या एआयला फोटो पाठवला. त्यानं रोग, औषध, प्रमाण सगळं सांगितलं. पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं तर प्रमाण वेगळं आलं. माझे आजोबा कीर्तन ऐकणारे. ते म्हणाले, ‘शब्दप्रमाण ठीक आहे, पण हा शब्द कोणाचा?’ मॅडम, मला उत्तर देता आलं नाही.

तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग. जगभरातल्या विद्यापीठांत आज हाच प्रश्न चालू आहे.

वरच्या पत्राला उत्तर देताना आप्ताच्या अटी सांगितल्या. त्या इथे लावून बघ. या यंत्रानं तुझं शेत पाहिलेलं नाही. जसं पाहिलं तसं सांगावं, अशी इच्छा त्याला नाही. अफाट मजकुरातून कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब करून ते वाक्य रचतं. २०२१ मध्ये एमिली बेंडर, टिमनिट गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा यंत्रांना पोपट म्हटलं, आणि तो शब्द जगभर झाला.

गंमत म्हणजे नैयायिकांनी पोपटाचा विचार आधीच करून ठेवला आहे. तरुणपणी पुण्यात एका शास्त्रीबुवांकडे मी विश्वनाथ पंचाननांची ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’ शिकले. सतराव्या शतकातला ग्रंथ. वाक्याचा अर्थ कळायला बोलणाऱ्याचं तात्पर्य, म्हणजे त्याला काय म्हणायचं आहे, ते कळावं लागतं असं त्यात आहे. मग अडचण येते : पोपट बोलतो तेही आपल्याला कळतं, पण पोपटाला तर काहीच म्हणायचं नसतं. विश्वनाथांचं उत्तर असं : पोपटाचं वाक्य खरं असेल तर त्यामागचं तात्पर्य ईश्वराचं धरायचं, खोटं निघालं तर ते पोपटाला पढवणाऱ्याचं. शास्त्रीबुवा हे वाक्य सांगून पुढच्या पानावर गेले होते. आज मला ते तिथेच थांबून पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. ईश्वराचा भाग ज्याला मानायचा त्यानं मानावा. पण चुकीच्या वाक्याचा जाब पोपटाला नाही, पढवणाऱ्याला विचारायचा, हा न्याय आज आपल्याला हवा आहे. आजोबांना सांग, शब्द यंत्राचा नाही. ज्यांनी ते पढवलं आणि तुझ्या हातात दिलं, त्यांनी त्याचं उत्तरदायित्व घ्यायला हवं.

काही तत्त्वज्ञ म्हणतात, याला कुणाचा शब्द मानूच नका, थर्मामीटरसारखं साधन माना. चालेल, पण मग साधनाच्याच कसोट्या लावायच्या. त्याच प्रश्नाला निरनिराळे आकडे देणारं थर्मामीटर आपण घरात ठेवत नाही.

गोल्डमन यांनी २००१ मध्ये लिहिलं की ज्याला स्वतःला विषय कळत नाही त्यानं तज्ज्ञ निवडताना काही गोष्टी बघाव्यात : याचं आधी कितीदा बरोबर आलं, यात त्याचा स्वार्थ आहे का, इतर जाणकार त्याच्याशी सहमत आहेत का. या कसोट्या कृषी केंद्राच्या दुकानदारालाही लाव. औषध विकण्यात त्याचा फायदा आहे, हे विसरू नकोस. तुझ्यासाठी थेट सांगायचं तर औषधाचं प्रमाण बाटलीवरच्या लेबलवरून आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीवरूनच घे. पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीमुळे पसरतो, तेव्हा पान उलटं करून माशी आहे का ते बघ. ते प्रत्यक्ष प्रमाण, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं, तुझ्याच हातात आहे.

हे सगळं मराठीत कुठे वाचायला मिळेल? – अनेक वाचक

सुरुवात दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेल्या ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’पासून करा. तो १९७४ चा आहे, त्यामुळे गेल्या पन्नास वर्षांतलं त्यात नाही, पण पायासाठी तो उत्तम. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या ‘परामर्श’चे जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे यांचं जे हाती लागेल ते वाचा. १९८३ च्या जुलैत पुण्यात न्यायशास्त्राचे पंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञ समोरासमोर बसले आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेल यांच्या एका सिद्धांतावर त्यांनी चर्चा केली, त्यामागे तत्त्वज्ञ दयाकृष्ण यांच्याबरोबर रेगे होते. ती चर्चा ‘संवाद’ या नावानं छापलेली आहे.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञान विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, आणि त्यात भारतीय ज्ञानमीमांसेवर चांगल्या नोंदी आहेत. गंगेशांच्या ‘तत्त्वचिन्तामणी’चा स्टीव्हन फिलिप्स यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०२० मध्ये आला. मराठीत तो व्हायला हवा. न्याय आणि इंग्रजी दोन्ही येणारे तरुण अभ्यासक महाराष्ट्रात आहेत, पण एवढं मोठं काम एकट्यादुकट्यानं होणार नाही. कुणी गट करून हात घालणार असेल तर मला जरूर लिहा. माझ्याकडे मुक्तावलीच्या त्या वर्गात घेतलेली टिपणं आहेत. त्यांच्या छायाप्रती मी आनंदानं पाठवीन.